डिप्लोमाचा हिशोब एका कागदावर मांडा

दाजींचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये मशीनपाशीच उभा होतो. दाजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे यजमान. औशाजवळ चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलाला दहावीला ७८ टक्के पडलेले आणि त्याला मेकॅनिकल डिप्लोमाला घालायचं घरात ठरलेलं. सरकारी पॉलिटेक्निकला नंबर लागेल की नाही याची खात्री नाही, म्हणून दोन खासगी कॉलेजं बघून आले होते.

"फी किती, बसचं किती, होस्टेलचं किती, सगळं छापून दिलंय," दाजी म्हणाले. "पण पोरगं पास झाल्यावर महिन्याला किती आणील, हे विचारलं तर म्हणतेत शंभर टक्के प्लेसमेंट. ते शंभर टक्के म्हंजे रुपये किती?"

मी स्वतः डीएमई, म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. नव्वदच्या दशकात सरकारी पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलो आणि तेव्हापासून भोसरी-चाकण पट्ट्यात मशीनिंगच्या कामात आहे. डिप्लोमाच्या मुलांचे इंटरव्ह्यू घेण्याचं काम गेली अनेक वर्षं माझ्याकडे आहे. तरी दाजींच्या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता आलं नाही. आमच्या शॉपमध्ये काय पगार मिळतो ते मी सांगू शकतो. त्या दोन कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलांना सरासरी काय मिळतं, हे मला माहीत नाही. तसा पडताळलेला आकडा माझ्या पाहण्यात कुठे आलेला नाही. लाखांनी पैसे घालून तीन वर्षं द्यायची, त्या सौद्याची एकच बाजू छापलेली असते. दुसरीही तितक्याच ठळक अक्षरांत छापली पाहिजे, हे माझं म्हणणं आहे, आणि त्यासाठी आधी माझ्याकडचे आकडे मांडतो.

आमच्याकडे आणि आसपासच्या शॉपमध्ये नव्या डिप्लोमा ट्रेनीचा कागदावरचा पगार सोळा हजारांच्या आगेमागे असतो. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून अकरा हजार धरले तर बारा टक्क्यांनी १,३२० रुपये पीएफ जातो. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, म्हणजे १२०. व्यवसाय कर २००. कॅन्टीनचे ३०० आणि कंपनीच्या बसचे ५००. हातात येतात १३,५६०. आता खर्च बघा. चाकणला एका खोलीत चार-पाच जण, कॉट बेसिसवर २,५०० रुपये. मेसचा डबा ३,२००. मोबाइल रिचार्ज आणि येणंजाणं हजार. साबण, कपडे, कधी ताप आला तर डॉक्टर, आणखी हजार. महिन्यातून एकदा गावी जाऊन आलं की एसटीचे सहाशे. उरतात ५,२६० रुपये.

या मुलाच्या शिक्षणावर घरच्यांनी किती घातलेत? मध्यम खासगी कॉलेजची फी वर्षाला ६५ हजार धरा, राहणं-खाणं ५० हजार. तीन वर्षांचे साडेतीन लाखांना पाच हजार कमी. त्यातले तीन लाख उचललेले असले आणि ते अकरा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता बसतो महिन्याला सुमारे ६,५०० रुपये. पोटाला चिमटा घेऊन राहिलेल्या मुलाकडेही दर महिन्याला सव्वा हजार कमी पडतात. नाइट शिफ्ट आणि ओव्हरटाइम करून तो ते भरून काढतो, आणि ज्या दोन-तीन वर्षांत त्याने मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकायचं, जिथे साचे आणि हत्यारं बनतात त्या टूल रूममध्ये डोकं घालायचं, ती वर्षं ओव्हरटाइमच्या तासांत जातात. हप्त्याच्या रकमेपेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

आणि हा हप्ता बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा असतो असंही नाही. कागदावर शैक्षणिक कर्जाची योजना चांगली आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, कोर्स संपल्यावर वर्षभर सवड, फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराला शिकत असतानाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण २०१८ पासून त्या व्याजसवलतीसाठी संस्था नॅकची किंवा कोर्स एनबीएचा (शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या या दोन राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावा लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणची किती पॉलिटेक्निकं त्यात बसतील याचा विचार करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना निवडक संस्थांसाठीच आहे, सुरुवातीला अशा ८६० होत्या. त्यांची निवड राष्ट्रीय क्रमवारीवरून होते आणि त्या क्रमवारीत पॉलिटेक्निकांसाठी वेगळा विभागच नाही. शिवाय दाजींसारख्या शेतकऱ्याचं पीककर्ज एखादं वर्ष थकलेलं असतं. कर्जमाफी होईल या आशेवर भरायचं राहिलेलं. बँकेत गेलं की पहिल्यांदा तेच पुढे येतं.

मग कर्ज कुठून येतं? दाजींच्या घरी माझ्या त्या चुलतबहिणीचं गंठण पतसंस्थेत सोनेतारणाला गेलं. तिने मला ते सांगितलं नव्हतं. घरी गेलो तेव्हा गळ्यात काळी पोत तेवढी दिसली, म्हणून विचारलं. थोडे पैसे बचत गटातून, थोडे भिशीतून, थोडे थोरल्या दिराकडून. यातला एक रुपयाही कोणत्याही सरकारी तक्त्यात शैक्षणिक कर्ज म्हणून दिसणार नाही. डिप्लोमासाठी महाराष्ट्रातली घरं किती कर्जबाजारी होतात असं उद्या कोणी विधानसभेत विचारलं, तर बँकांचे आकडे वाचून दाखवले जातील आणि ते फार वाटणार नाहीत. कर्ज खरं असतं, फक्त ते आईच्या गळ्यातून उतरलेलं असतं.

शिष्यवृत्ती आहेच. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, इतर प्रवर्गांना त्यांच्या-त्यांच्या योजना आहेत, आणि त्यांच्यामुळे कितीतरी मुलं शिकू शकली. पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि तोवर कॉलेज हॉल तिकीट अडवेल या धास्तीने बाप पूर्ण फी भरून मोकळा होतो. सोनेतारणाचं व्याज मात्र त्याच दिवसापासून चालू होतं.

याच्या उलट सरकारी पॉलिटेक्निक बघा. तिथली वर्षाची फी आजही दहा हजारांच्या आत आहे. तीन वर्षांचे मिळून तीस हजारही होत नाहीत. बहुतेक ठिकाणी तोच महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम, तीच परीक्षा, तीच मार्कशीट. माझ्या टेबलावर लेथवर टर्न केलेला एक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, आणि तो मोजायचा व्हर्नियर कायम ठेवलेला असतो. इंटरव्ह्यूला आलेल्या मुलाला मी बाकी काही विचारायच्या आधी व्यास मोजायला सांगतो. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर. ज्याने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये खरोखर लेथ चालवलेलं असतं तो आधी जबडे पुसतो, शाफ्ट पुसतो, शून्य बघतो आणि मग मोजतो. ज्याने प्रॅक्टिकलचं जर्नल फक्त उतरवून काढलेलं असतं, तो थेट जबडे आवळतो. दोघांच्या मार्कशीटवर ७४ टक्केच असतात. सरकारी कॉलेजातल्या मुलांनी जुन्या का होईना, चालू लेथवर हात बसवलेला असतो, असं मला अनेकदा दिसलं आहे. उत्तम वर्कशॉप असलेली खासगी कॉलेजंही मी पाहिली आहेत. पण कुठलं कॉलेज कुठल्या गटातलं, हे बापाला फी भरण्याआधी कळायचा मार्ग नाही. मला ते तीन वर्षांनी कळतं, तो शाफ्ट मोजताना.

आमच्या पिढीने या पदविकेबद्दल जी समजूत घरोघर पेरली, तीही इथे आड येते. डिप्लोमा केला की टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नाहीतर बजाजमध्ये चिकटतो, असं आमच्या वेळी सर्रास म्हणत, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. दोन वर्षं ट्रेनी, मग पर्मनंट, मग युनियनचा करार, मग निगडीला किंवा चिखलीला स्वतःचं घर. गावाकडच्या मामा-काकांनी ती घरं पाहिली आहेत. ते बघून आज पैसे घातले जातात. दरम्यान कामाची रचना बदलली. पर्मनंटच्या जागी कंत्राटदाराचा माणूस आला, नंतर केंद्राच्या नीम या प्रशिक्षण योजनेतला ट्रेनी आला, आता अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार. २०१९ च्या नियमांप्रमाणे पदविकाधारक अप्रेंटिसला किमान विद्यावेतन महिन्याला ८,००० रुपये ठरलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. वाढ हवीच होती, पण तेवढ्याने कॉट आणि मेस भागवून हप्ता निघत नाही.

राज्य सरकारनेही या मुलाची किंमत लावून दाखवली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास मुलाला ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. आयटीआय आणि डिप्लोमा एका ओळीत. फिटर किंवा टर्नरचा आयटीआय दोन वर्षांत होतो आणि खर्च फार कमी. मला आयटीआयला कमी लेखायचं नाही, आमच्याकडचे सर्वांत भरवशाचे हात आयटीआयचेच आहेत. पण सरकार स्वतःच दोघांना सुरुवातीला एकच रक्कम देत असेल, तर मधल्या एका वर्षाचे आणि दोन-तीन लाखांचे पैसे मुलाला कधी परत मिळतात, हे सरकारनेच सांगायला हवं.

ते मिळत नाहीत असं मी म्हणत नाही. सुरुवातीची दोन वर्षं सोडली तर डिप्लोमाचा फायदा दिसायला लागतो, पण सगळ्यांना सारखा नाही. लाइनवर सुपरवायझर म्हणून उभा राहिलेला मुलगा पाच वर्षांनीही वीस-बावीस हजारांवर असतो. टूल रूम, मेंटेनन्स किंवा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) प्रोग्रॅमिंगमध्ये गेलेला त्याच काळात तीस-पस्तीसच्या पुढे जातो. रेल्वेत किंवा केंद्राच्या खात्यांत कनिष्ठ अभियंता म्हणून लागला तर मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं, आणि त्या परीक्षांना डिप्लोमा पुरतो. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. तिथून आलेल्या मुलाला मी व्हर्नियर देत नाही, सरळ ड्रॉइंग देतो. म्हणजे पदविकेचं मोल तिच्या नावात नाही. कुठून केली, किती पैसे घालून केली आणि त्यानंतर कुठल्या कामाला हात लागला, यात ते आहे. पण प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती नोंदवायचा ऑप्शन फॉर्म भरताना बापासमोर असतो फक्त संस्थेचा कोड आणि शाखेचं नाव.

याच बाबतीत अमेरिकेतलं उदाहरण मला उपयोगाचं वाटतं. तिथे कम्युनिटी कॉलेजांत मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची असोसिएट पदवी असते. आपल्या डिप्लोमाचं ते जवळचं भावंड आहे. मे २०२३ च्या सरकारी आकड्यांत तिथल्या मेकॅनिकल टेक्निशियनचं मधलं वार्षिक वेतन सुमारे ६४ हजार डॉलर होतं, तर पूर्ण मेकॅनिकल इंजिनिअरचं जवळजवळ एक लाख. रुपयांत गुणाकार करून आपल्या मुलांना स्वप्नं दाखवायला मी हे सांगत नाही. सांगायचंय ते असं की तिथलं शिक्षण खातं २०१९ पासून कॉलेजनिहाय आणि कोर्सनिहाय दोन आकडे लोकांसमोर ठेवतं. उत्तीर्ण झालेल्यांची मधली कमाई आणि त्यांच्यावरचं मधलं कर्ज. मधली म्हणजे शंभर मुलं पगाराच्या क्रमाने उभी केली तर पन्नासाव्या मुलाचा पगार. एखाद्याला पुण्यात मोठं पॅकेज मिळालं म्हणून हा आकडा फुगत नाही. त्या तक्त्यात उणिवा आहेत. कर्जाचा आकडा केंद्र सरकारच्या कर्जापुरता असतो, म्हणजे आपल्या गंठणासारखं तिथलंही काही निसटतं. तरीही फी भरण्याआधी बापाला काहीतरी बघायला मिळतं.

नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांच्या कोर्सना तिथे एक कसोटीही लावली गेली. दहा वर्षांत फेडायचं धरून कर्जाचा वार्षिक हप्ता कमाईच्या आठ टक्क्यांच्या वर जाऊ नये. गरिबी रेषेच्या हिशोबाने वरकड कमाई धरण्याची दुसरी पर्यायी कसोटीही होती, पण ही पहिली साधी आणि समजायला सोपी आहे. ती मी आपल्या मुलाला लावून पाहिली. तीन लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं, म्हणजे हप्ता महिन्याला साधारण ४,१३०. सोळा हजारांच्या पगारावर हे प्रमाण होतं जवळजवळ २६ टक्के. तिसऱ्या वर्षाचा पगार बावीस हजार धरला तरी १९. आठच्या आत राहायचं तर बावीस हजारांच्या पगारावर सव्वा लाखाच्या आसपास कर्ज झेपतं, त्याहून जास्त नाही. मेकॅनिकल डिप्लोमासाठी किती उचलावं असं कोणी विचारलं तर आता मी हाच आकडा सांगतो.

आपल्याकडे हे मोजणं अवघड नाही. प्रत्येक मुलाचा मंडळाकडे नोंदणी क्रमांक असतो. नोकरीला लागला की आधारशी जोडलेला पीएफचा कायमचा खाते क्रमांक, यूएएन, निघतो आणि दर महिन्याचं वेतन तिथे नोंदलं जातं. नावं काढून टाकून या दोन याद्या जुळवल्या, तर कोणत्या संस्थेच्या कोणत्या शाखेतून पास झालेल्या मुलांचं एक वर्षानंतर आणि तीन वर्षांनंतर मधलं वेतन काय, हे तंत्रशिक्षण संचालनालयाला दरवर्षी सांगता येईल. फी ठरवायला २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. कॉलेजने जमाखर्च दाखवायचा आणि त्यावर फी ठरवायची, ही पद्धत तिथे बसलेली आहे. त्याच फायलीत मुलांची कमाई का असू नये? आणि कर्जासाठी प्रवेशाच्या वेळी एकच प्रश्न विचारावा: फीचे पैसे कुठून आणले? बचत, बँक, पतसंस्था, सोनेतारण, नातेवाईक. उत्तरं एकत्र केली की वर्षभरात गंठणांचाही आकडा समोर येईल.

यावर मला ओळखीच्या एका प्राचार्यांनी तीन हरकती सांगितल्या. शिक्षण पगारात मोजू नये, ही पहिली. ज्या घरात शिकण्यासाठी शेतातला सोयाबीन वेळेआधी विकला जातो, त्या घराला ती शुद्धता परवडत नाही. फी पैशांत मोजता, मग परतावाही मोजा. दुसरी हरकत रास्त आहे. विदर्भ-मराठवाड्यात पगारच कमी, त्यामुळे तिथली चांगली कॉलेजंही यादीत खाली दिसतील. मग मुलं नोकरीला कुठे लागली तेही त्याच तक्त्यात दाखवा आणि बुटीबोरी, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव या औद्योगिक पट्ट्यांचे आकडे वेगळे काढा. म्हणजे औशाच्या मुलाला चाकणला जायचं की वाळूजला, हेही ठरवता येईल. तिसरी हरकत अशी की कितीतरी मुलं डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयरला पदवीला जातात, त्यांची कमाई मोजायची कुठे? त्यांचं वेगळं खातं ठेवावं. त्यातून हेही कळेल की डिप्लोमा ही नोकरीची वाट राहिली आहे की पदवीच्या प्रवेशाचा वळसा. तो वळसा असेल तर सहा वर्षांचा खर्च आधीच सांगायला हवा, तीन वर्षांचा सांगून नव्हे.

आणखी एक भीती बोलून दाखवली जाते, की आकडे बाहेर आले तर मेकॅनिकलच्या जागा ओस पडतील आणि सगळे कॉम्प्युटरकडे धावतील. मला तसं वाटत नाही. मेकॅनिकलच्या चांगल्या मुलांची मला आजही टंचाई आहे. चार-पाच अक्षांचं मशीन चालवणारा, काम मशीनवर धरून ठेवणारं फिक्स्चर डिझाइन करणारा, बिघाड ऐकून ओळखणारा मुलगा मिळत नाही म्हणून ऑर्डर परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. आकडे दिसले तर ज्या कॉलेजात लेथ चालतात तिथे रांग लागेल, आणि ज्या कॉलेजात फक्त जर्नलं उतरवली जातात तिथे बुडणारे पैसे वाचतील. मेकॅनिकलवर माझं प्रेम आहे, म्हणून त्याच्या नावावर कर्जात ढकललेली मुलं मला बघवत नाहीत.

दाजींना मी सांगितलं की सव्वा लाखाच्या वर जाऊ नका. ऑप्शन फॉर्ममध्ये आधी सगळी सरकारी पॉलिटेक्निकं भरा, लांबची असली तरी. नाहीच लागला नंबर, तर मुलाला फिटरच्या आयटीआयला घाला. तिथून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, आणि तोवर हात तयार होतो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आयटीआय म्हणलं की पाहुण्यात कमी वाटतंय." तिसऱ्या फेरीत पोराला सरकारीमध्ये जागा मिळाली, दुसऱ्या जिल्ह्यात. गंठण दिवाळीपर्यंत सोडवून आणायचं ठरलं.

त्यानंतर दाजींच्या गावातून आणखी तिघांचे फोन आले. तिघांच्या हातात वेगवेगळ्या कॉलेजांची माहितीपत्रकं आहेत, फी, बस आणि होस्टेलच्या रकमा छापलेली. तिघांचाही प्रश्न दाजींचाच आहे, आणि माझ्याकडे सांगायला आमच्या एका शॉपचे पगार आहेत.